दोन बोंडे

(कात्रज येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे दोन बोंडे ठेवली आहेत. एक कपाशीचे, एक जवसाचे. हातात घ्या, पाहा आणि शेजारच्याकडे द्या. फोडून पाहायची घाई नको. फोडायला दुसरी पुष्कळ आणली आहेत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, कात्रजला कपाशी कुठे आली? बरोबर आहे. कात्रज आता पुणे शहरात गेले. जिथे शेते होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. आणि शेते होती तेव्हाही हा कपाशीचा मुलूख नव्हे. पण या वर्गातली पुष्कळ माणसे विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून पोटापाण्यासाठी इकडे आली आहेत. कोणाचे आईबाप अजून गावी कपाशी करतात. कोणी दिवाळीनंतर वेचणीला गावी जातात. शिवाय कात्रज म्हटले की पुण्याच्या माणसाला आधी दूध आठवते. दूध देणाऱ्या जनावराला आपण सरकीची पेंड चारतो. ती सरकी बोंडातूनच येते. तेव्हा कपाशी इथे नसली तरी बोंड इथे आहे.

आता बोंड कशाला म्हणायचे? तुरीची ती शेंग, हरभऱ्याचा तो घाटा, आणि कपाशीचे, जवसाचे, अंबाडीचे ते बोंड. काही गावांत कपाशीच्या हिरव्या बोंडाला कैरी म्हणतात. नावे आपल्या आजी-पणजींनी उगीच ठेवलेली नाहीत. शेंगेत एकच लांबट घर असते आणि दाणे एका ओळीत बसतात. बोंडात मधे पडदे असतात, अनेक घरे असतात. खात्री करून घ्यायची असेल तर आज घरी भेंडी आडवी चिरा. बहुधा पाच घरे दिसतील. भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही एकाच कुळातली भावंडे. भेंडी हेही खरे म्हणजे बोंडच. ते आपण कोवळेपणी खातो, एवढेच.

कात्रजच्या घाटाकडे डोंगराला काटेसावर आहे. माघ-फाल्गुनात तिला लालभडक फुले येतात, आणि उन्हाळ्यात तिची बोंडे तडकून पांढरा कापूस वाऱ्यावर उडतो. तो गोळा करून उशा भरतात. पण त्या कापसाचे सूत कोणी काततो का? नाही. का नाही, हे कळले म्हणजे कपाशीच्या बोंडाची निम्मी कहाणी कळली.

सावरीचा तंतू बोंडाच्या आतल्या सालीवर उगवतो. तो गुळगुळीत आणि सरळ असतो. दोन तंतू एकमेकांना धरत नाहीत, निसटतात. कपाशीचा तंतू सरकीच्या सालीवर उगवतो. आपल्या कातडीवर केस असतो तसा. फूल उमलले की त्याच सुमारास सरकीवर हे केस वाढू लागतात. पहिले साधारण तीन आठवडे ते नुसते लांब होतात. मग आतून त्यांच्यावर थरावर थर चढतात आणि ते भरू लागतात. या दिवसांत झाडाला पाण्याची ओढ बसली तर तंतू पातळ आणि कमजोर राहतो. हिरव्या बोंडात हे सगळे ओलेच असते. फुलापासून दीडेक महिन्याने, कधी पन्नासेक दिवसांनी, बोंड पिकते. त्याची साल वाळते, आकसते, शिवणीवर तडकते. आत हवा जाते. मग पोकळ ओला तंतू वाळून चपटा होतो आणि त्याला पीळ पडतो. त्या पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरतो. म्हणून सूत निघते. चरखा असो की गिरणी, देवाघरचा हा पीळ नसता तर दोघांचेही काही चालले नसते.

आता थोडे गणित करू. अंकगणित शिकलो ते कशासाठी?

हल्लीच्या अमेरिकन जातीच्या बोंडाला चार किंवा पाच घरे असतात. एका चांगल्या बोंडातून सरकीसकट चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एक किलो कापसाला दोनशे ते अडीचशे बोंडे लागली. जी बाई दिवसाला वीस किलो कापूस वेचते, तिचा हात चार-पाच हजार बोंडांना लागतो. वाळलेल्या सालीची टोके सुईसारखी असतात. बोटांची काय दशा होते ते वेचणाऱ्या बायांना विचारा. मजुरी ठरवताना हा आकडा कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही तो इथे मुद्दाम मांडला.

तो एक क्विंटल कापूस जिनात गेला की त्यातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. शेतकरी कापूस विकतो असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर तो सरकीच जास्त विकतो. सरकीचे तेल निघते, पेंड गोठ्यात जाते. आणि रुईचे नुसते कापडच होते असे नाही. तुमच्या कनवटीला जी नोट आहे तिचा कागदही कापसाचा आहे. म्हणूनच ती खिशात चुरगळली तरी सहज फाटत नाही.

आता दुसरे बोंड घ्या. हे एवढेसे, वाटाण्याएवढे. जवस, कोणी अळशी म्हणतात. रब्बीचे पीक. विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींना त्याची निळी फुले ठाऊक आहेत. सकाळी शेत निळे दिसते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. मागे राहते ते हे बोंड. याला पाच घरे, आणि प्रत्येक घरात दोन दाणे. म्हणजे भरले तर दहा, दहाच्या वर नाही. कानाशी धरून हलवा. वाजले की पिकले.

पण पाहा, पिकले तरी हे मिटलेलेच आहे. कपाशीचे बोंड पिकून उकलते, जवसाचे पिकून बंद राहते. जवसाचे रानटी भाईबंद आहेत, त्यांची बोंडे पिकली की तडकतात आणि बी जमिनीवर सांडते. झाडाच्या दृष्टीने तेच बरे, त्याचा वंश चालतो. पण माणसाला सांडलेले बी कसे गोळा करता येणार? पश्चिम आशियात नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, तेव्हाच्या पहिल्या पिकांत जवस होते. ज्या झाडाची बोंडे मिटलेली राहिली त्याचेच बी माणसाच्या घरी आले. तेच त्याने पुढच्या वर्षी पेरले. असे पिढ्यान्पिढ्या झाले आणि मिटल्या बोंडाचे जवस तयार झाले. त्या माणसांना अक्षर येत नव्हते, पण त्यांची नजर पक्की होती.

जवसाचा आणखी एक निराळा प्रकार आहे. कपाशीचा धागा बोंडातून येतो, जवसाचा येतो देठातून. बोंडातून येते ते तेल. देठ पाण्यात कुजवून त्याचा वाख काढतात, अंबाडीचा काढतात तसाच. त्या धाग्याच्या कापडाला लिनन म्हणतात. जुन्या मिसर देशातली राजांची प्रेते याच कापडात गुंडाळलेली सापडली. आपल्याकडे मात्र जवस करतात ते बोंडासाठी. चटणी, तेल आणि जनावरांना पेंड. हे तेल हवेत राहिले की वाळून घट्ट होते, त्याचा पापुद्रा धरतो. म्हणून रंगात आणि व्हार्निशात ते घालतात. पूर्वी छापखान्याची शाईही याच तेलात काजळी घोटून करीत.

आपल्याकडे कोणी जवसाचा धागा काढलाच नाही, असे मात्र समजू नका. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली नावाचे गाव आहे. तिथे १९६० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उकरून पाहिले. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांच्या भोकात दोरा शिल्लक होता. तो दोरा जवसाच्या वाखाचा निघाला. त्याआधी, १९५४ ते १९५६ या काळात, डॉ. हसमुख सांकलिया यांच्या देखरेखीखाली नेवासे येथे प्रवरेच्या काठी खोदकाम झाले होते. तिथेही तांब्याच्या मण्यांत दोरा मिळाला. त्यात कापूस होता. इतकी वर्षे दोरा टिकला कसा? तांब्याला जो हिरवा गंज चढतो त्यात कुजवणारे जंतू जगत नाहीत. मण्याच्या भोकात दोऱ्याला ते औषधच झाले. तेव्हा आज हातात घेतलेल्या या दोन्ही झाडांची आणि आपल्या मुलखाची ओळख फार जुनी आहे.

हे झाले चांगल्या बोंडांचे. आता आम्ही तिसरे बोंड काढतो. हेही कपाशीचेच, हिरवे. बाहेरून पाहा. खोट दिसते का? नाही ना? फोडा.

ही जी गुलाबी अळी वळवळते आहे, तिला शेंदरी बोंडअळी म्हणतात, कोणी गुलाबी म्हणतात. मागे एका वर्गात एका ताईंनी विचारले, "गुरुजी, वरून तर बोंड चांगलं दिसतंय, मग ही आत शिरली कुठून?" प्रश्न फार मोलाचा आहे. पतंग पात्यावर, फुलावर, कोवळ्या बोंडावर बारीक अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्यामागे ते भोक भरून येते. बोंड वाढत राहते, वरून गोजिरे दिसते, आणि आत अळी एका सरकीतून दुसऱ्या सरकीत जात ती पोखरत असते. शेतकरी बांधावरून बोंडे मोजतो आणि मनाशी पैशाचा हिशोब करतो.

आमच्या नात्यातल्या एका घरी परभणीकडे २०१७ साली असेच झाले. चार एकर कपाशी, झाडे कमरेच्या वर, बोंडांनी लगडलेली. त्या हिशोबावर त्यांनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त धरला. बोंडे उकलायची वेळ आली तेव्हा निम्मी उकललीच नाहीत, आणि उकलली त्यांत पिवळी पडलेली घट्ट कवडी. व्यापाऱ्याने तिला भाव दिला तो कवडीचाच. लग्न झाले, पण कर्ज काढून झाले. ते कर्ज अजून फिटायचे आहे. ती काही त्या एका घराची गोष्ट नव्हती. त्या साली महाराष्ट्रातल्या कपाशीच्या जिल्ह्याजिल्ह्यांत हेच घडले.

लोक म्हणाले, आम्ही तर बीटीचे बियाणे आणले होते, मग अळी आलीच कशी? आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जंतूपासून घेतलेला गुण त्या बियाण्यात घातलेला असतो. त्यामुळे झाडातच अळीला मारणारे द्रव्य तयार होते. हिरव्या बोंडअळीवर त्याचा चांगला उपयोग झाला. पण शेंदरी अळीला खायला बहुतकरून कपाशीच लागते. वर्षानुवर्षे तेच द्रव्य खाऊन ज्या थोड्या अळ्या जगल्या, त्यांची पिलावळ वाढली आणि ते द्रव्य तिला पचू लागले. बियाण्याच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत बीटी लिहिले आहे, म्हणून शेतात पाहायला नको, असे पुष्कळांनी धरले. ते महागात पडले.

मग करायचे काय? फुले लागली की आठवड्यातून एकदा सकाळी शेतात जायचे. एखादे फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या गोळा झालेल्या दिसतात. तिला डोमकळी म्हणतात. तिच्यात अळी असते. ती तोडून घ्यायची आणि अळीसकट नष्ट करायची. बांधावर टाकून यायचे नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीचा वास असतो, नर पतंग त्यात येऊन पडतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, आणि असे लागोपाठ तीन रात्री, तर धोका आला असे समजा.

आणि मुख्य काम म्हणजे बोंड फोडून पाहणे. शेताच्या एका कोपऱ्यातून नाही, सगळीकडे फिरून वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी, मध्यम वाढलेली बोंडे तोडा. बांधावर बसा आणि एकेक फोडा. वहीत दोन रकाने करा, चांगले आणि किडके. विसात दोन किडकी निघाली, म्हणजे शंभरात दहा, तर औषधाची वेळ झाली. एकही निघाले नाही तर फवारणीचा खर्च वाचला. आमच्या परिचयाचे काही शेतकरी म्हणतात, चांगली वीस बोंडे तोडायची जिवावर येते. यावर आम्ही एवढेच विचारतो, की वीस बोंडांचा कापूस किती? शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम कापूस देऊन सगळ्या शेताची खबर मिळत असेल तर सौदा वाईट आहे का?

औषधाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचे विष अंगात जाऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात पडले. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती, वरून फवारा तोंडावर येत होता, आणि पुष्कळजण दोन-तीन औषधे मिसळून मारीत होते. औषधाच्या डब्यावर एक चौकोन उभा केलेला असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण असतो. तो पाहायला शिका. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे, विष तेही आहेच. डब्यावरची बारीक अक्षरे आपल्याला वाचता येत नसतील तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. किती पाण्यात किती औषध, कोणत्या पिकाला, आणि विषबाधा झाली तर काय करायचे, हे सगळे तिथे लिहिलेले असते. वाऱ्याच्या तोंडी उभे राहून फवारू नका. फवारताना तोंडाला फडके, हातात हातमोजे, अंगभर कपडे. काम झाल्यावर साबणाने अंघोळ, मगच भाकरी आणि मगच तंबाखू. दुकानदार देईल ते मिसळून मारायचे, हे बंद करा. कृषी सहायकाला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

वेचणीचे थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येते. दव वाळल्यावर वेचायला लागा. पूर्ण उकललेलेच बोंड घ्या, पाचोळा येऊ देऊ नका. कवडी निराळ्या ओटीत घाला. ती चांगल्या कापसात मिसळली की सगळ्या गाठोड्याचा भाव पडतो. खताच्या गोणीत कापूस भरू नका. तिचे प्लास्टिकचे धागे रुईत जातात, आणि कापडाला रंग देताना तेवढ्या जागी रंग धरत नाही.

शेवटी राहिले पऱ्हाटीचे. डिसेंबर संपता संपता कपाशी मोडायची. पुष्कळजण पाणी देऊन फरदड ठेवतात. दोन वेचण्या जास्त मिळतील म्हणून. पण उन्हाळ्याकडे शेतात बोंड उभे राहिले की अळीला वर्षभर ताट वाढलेले मिळते. मोडलेल्या पऱ्हाटीवर वाळकी, न उकललेली बोंडे राहतात, त्यांत अळी झोपून असते. ती पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर पुढच्या पावसात पतंग तिथूनच उडतो. तिचे बारीक तुकडे करून खतात घाला. चुलीसाठी ठेवायची असेल तर त्यावरची बोंडे आधी झोडून काढा आणि ती नष्ट करा. कपाशी मोडल्यावर रान तसेच सोडू नका, खोल नांगरून घ्या. जिनात आणि साठवणीच्या खोलीतही अळ्या राहतात, तिथेही सापळे लावावे लागतात. आणि हे काम एकट्याने करून भागत नाही. शिवारातल्या दोघांनी रान साफ केले आणि तिसऱ्याने फरदड ठेवली, तर पतंग तिघांच्याही शेतात जातो.